युजरफॉर्मसाठी स्वतःचे कंट्रोल घडवणे : ३६ पेट्या, एक तारीख आणि न मिळणारा एक्झिट इव्हेंट

कोष्टक (प्रश्न; पुढे प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

नमस्कार. मोजमापांच्या नोंदीसाठी मी एक्सेलमध्ये व्हीबीए (त्याची प्रोग्रामिंगची भाषा) वापरून एक युजरफॉर्म, म्हणजे माहिती भरण्याची खिडकी, तयार केला आहे. एका खेपेला १२ नमुने आणि प्रत्येक नमुन्याची ३ रीडिंगे असा हिशेब असल्याने फॉर्मवर ३६ टेक्स्टबॉक्स आहेत आणि त्यांच्या डोक्यावर तारखेची एक पेटी आहे. प्रत्येक पेटीत फक्त संख्या भरली जावी, ती ठरलेल्या मर्यादेत असावी आणि चूक झाल्यास पेटीचा रंग बदलावा, एवढीच अपेक्षा आहे.

सुरुवातीला पहिल्या पेटीच्या चेंज इव्हेंटमध्ये (मजकूर बदलताच चालणाऱ्या कोडमध्ये) वीसेक ओळी लिहिल्या आणि पेटीचा क्रमांक तेवढा बदलून त्याच ओळी उरलेल्या ३५ ठिकाणी चिकटवल्या. त्या ओळींत मजकूर इझन्यूमेरिकने तपासून संख्या नसेल तर पेटी रिकामी केली जात होती. पहिल्याच दिवशी लक्षात आले की ऋण संख्या भरताच येत नाही, कारण वजाचे चिन्ह उमटताक्षणी ते ‘संख्या नाही’ असे ठरते आणि पुसले जाते. दुरुस्ती ३६ ठिकाणी करायची होती. त्यांतल्या २ पेट्या माझ्याकडून राहून गेल्या, आणि पुढचे काही आठवडे त्या दोन पेट्यांत नोंद करणाऱ्याने ऋण रीडिंगे मुकाट्याने धन म्हणून भरली. ती सगळी पाने नंतर मलाच तपासावी लागली.

तारखेसाठी मी जुना डेट पिकर वापरला होता. संगणक बदलल्यावर त्यावर ६४-बिट ऑफिस आले आणि आता फॉर्म उघडण्याआधीच ‘ऑब्जेक्ट या संगणकावर उपलब्ध नसल्याने लोड करता आला नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो.

म्हणून स्वतःची दोन कंट्रोले (पेटी, बटण असे फॉर्मवरचे घटक) तयार करावीत असे ठरवले आहे: एक ‘संख्यापेटी’ आणि एक ‘तारीखपेटी’. मला विचारायचे आहे ते असे. सगळ्या पेट्यांसाठी एकच कोड लिहिण्याची खात्रीशीर पद्धत कोणती? बाहेरचे कोणतेही ओसीएक्स (कंट्रोलाची वेगळी फाइल) न वापरता तारखेचे कंट्रोल करता येते का? आणि क्लास मॉड्यूलमध्ये (स्वतःच्या ऑब्जेक्टचा कोड लिहिण्याच्या जागी) टेक्स्टबॉक्स घेतल्यावर इव्हेंटांच्या यादीत एंटर आणि एक्झिट, म्हणजे पेटीत शिरल्याचे आणि ती सोडल्याचे इव्हेंट, दिसतच नाहीत, हा माझा गोंधळ आहे की खरोखरच ते तेथे नसतात?

जुना कळफलक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: गोंधळ तुमचा नाही, ते इव्हेंट तेथे खरोखरच नसतात. एंटर, एक्झिट, बिफोरअपडेट आणि आफ्टरअपडेट हे चार इव्हेंट टेक्स्टबॉक्सचे स्वतःचे नसून तो ज्या फॉर्ममध्ये किंवा फ्रेममध्ये बसतो त्या यजमानाने त्याला वरून जोडलेले असतात. त्यामुळे फॉर्मच्या कोडमध्ये ते दिसतात, पण विथइव्हेंट्सने (इव्हेंट ऐकता यावेत म्हणून लिहायच्या शब्दाने) घेतलेल्या निखळ टेक्स्टबॉक्सकडे ते येत नाहीत. त्यावरचा उपाय पुढे सांगतो, आधी पाया.

व्हीबीएमध्ये वारसा नाही, म्हणजे टेक्स्टबॉक्सपासून ‘माझा टेक्स्टबॉक्स’ असा नवा प्रकार जन्माला घालता येत नाही. व्हीबी ६ मध्ये असलेली कंट्रोलांची मालिकाही येथे नाही. त्यामुळे येथे ‘स्वतःचे कंट्रोल’ याचा अर्थ एकच उरतो: तयार कंट्रोल पोटात धरून ठेवणारा आणि त्याच्या वतीने बोलणारा क्लास. फॉर्मने त्या क्लासला फक्त ‘तुझी किंमत काय’ आणि ‘ती ग्राह्य आहे का’ एवढेच विचारावे. आत टेक्स्टबॉक्स आहे की लेबल, हे फॉर्मला ठाऊक असण्याचे कारण नाही. ही शिस्त पाळली तर बाकीचे बरेचसे आपोआप जागेवर बसते, आणि माझ्या अनुभवात बिघडलेल्या फॉर्मांपैकी बहुतेक फॉर्म हीच शिस्त मोडल्यामुळे बिघडलेले असतात.

क्लास मॉड्यूलच्या माथ्यावर ‘प्रायव्हेट विथइव्हेंट्स पेटी अ‍ॅज एमएसफॉर्म्स.टेक्स्टबॉक्स’ अशी ओळ येईल (कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत). त्यातला ‘एमएसफॉर्म्स’ गाळू नका. एक्सेलच्या स्वतःच्या लायब्ररीतही टेक्स्टबॉक्स नावाचा एक जुना, लपवलेला प्रकार आहे आणि नुसते टेक्स्टबॉक्स लिहिले की व्हीबीए तो आधी उचलते. मग प्रकार जुळत नसल्याची तक्रार येते आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

फॉर्मच्या इनिशियलाइझमध्ये (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या प्रोसिजरमध्ये) मी.कंट्रोल्स या संग्रहातून एक फेरी मारा; ‘मी’ म्हणजे तो फॉर्म स्वतः. फ्रेमच्या आत बसलेली कंट्रोलेही या संग्रहात येतात, त्यामुळे वेगळी खोदाई करावी लागत नाही. ज्या टेक्स्टबॉक्सच्या टॅगमध्ये (हवा तो मजकूर ठेवण्याच्या प्रॉपर्टीत) काही लिहिलेले असेल त्याच्यासाठी क्लासचा नवा ऑब्जेक्ट तयार करा, टेक्स्टबॉक्स त्याच्या स्वाधीन करा आणि तो ऑब्जेक्ट एका कलेक्शनमध्ये टाका. टॅगमध्ये किमान मर्यादा, कमाल मर्यादा आणि दशांश स्थळे अर्धविरामाने तोडून लिहिता येतात, उदाहरणार्थ ‘-५०;५०;२’; क्लास ती स्प्लिटने वेगळी करून घेतो. मर्यादा बदलायची झाल्यास मग कोडला हात लावावा लागत नाही, प्रॉपर्टीच्या खिडकीत टॅग बदलला की काम झाले. हे आकडे कोडप्रमाणेच इंग्रजी अंकांत लिहा.

येथे दोन खड्डे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यांत एकदा तरी पडतो. पहिला असा की कलेक्शन इनिशियलाइझच्या आत जाहीर केले तर ती प्रोसिजर संपताच कलेक्शन जाते, त्याच्याबरोबर ३६ ऑब्जेक्ट जातात, आणि फॉर्म दिसतो व्यवस्थित पण कोणतीही पेटी कशालाच दाद देत नाही. कलेक्शन फॉर्मच्या मॉड्यूलच्या पातळीवरच जाहीर करायला हवे. दुसरा खड्डा ‘डिम नवा अ‍ॅज न्यू’ या लिखाणाचा. ही ओळ फेरीच्या आत लिहिली तरी व्हीबीए ती दर फेरीला नव्याने पार पाडत नाही. ऑब्जेक्ट एकदाच तयार होतो आणि कलेक्शनमध्ये तोच ३६ वेळा जातो. परिणाम असा की फक्त शेवटची पेटी जिवंत असते. त्यामुळे ‘डिम’ वेगळे लिहा आणि फेरीत ‘सेट नवा = न्यू …’ असे स्पष्ट लिहा.

आता तुमच्या वजाच्या चिन्हाकडे येतो, कारण अडचणीचे मूळ तेथेच आहे. टाइप होत असलेला मजकूर आणि भरून झालेला मजकूर या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ‘-’, ‘-०.’, ‘१२.’ हे सारे संख्येच्या वाटेवरचे मुक्काम आहेत. ते चेंजमध्ये पुसून टाकायचे नसतात. चेंजमध्ये फार तर पेटीचा रंग फिका करावा, आणि निकाल पेटी सोडताना द्यावा. दुसरे म्हणजे इझन्यूमेरिकवर इतका विश्वास टाकू नका. ‘1e5’ हा मजकूरही त्याला संख्याच वाटतो, कारण तो घातांकाचे लिखाण म्हणून वाचला जातो. मी अक्षरागणिक तपासणी लिहितो: सुरुवातीला ऐच्छिक वजा, मग अंक, जास्तीत जास्त एक दशांश चिन्ह, मग पुन्हा अंक. रूपांतर करतानाही लक्ष हवे. व्हॅल फक्त टिंबालाच दशांश चिन्ह मानते, तर सीडीबीएल संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार वागते. दोन्ही मिसळून वापरली तर एकाच फॉर्मवर दोन हिशेब सुरू होतात.

कीप्रेसमध्ये चाळणी लावून अक्षरे आधीच अडवता येतात, पण पेस्ट केलेला मजकूर त्या चाळणीतून एकेका अक्षराने जात नाही, म्हणून चेंजमधली तपासणी टाळता येत नाही. शिवाय आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते: कळफलक देवनागरीवर राहिला की ‘१२३’ असे अंक उमटतात आणि व्हॅल त्यांचे शून्य करते. यावर उपाय सोपा आहे. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराचा एएससीडब्ल्यू (युनिकोडमधला) क्रमांक पाहा. तो २४०६ ते २४१५ यांच्या दरम्यान असला तर त्यातून २३५८ वजा करा, म्हणजे इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. बदललेला मजकूर पेटीत परत लिहिण्याआधी सेलस्टार्टची (कर्सरच्या जागेची) किंमत जपून ठेवा आणि नंतर परत द्या, नाही तर मधल्या अंकाची दुरुस्ती करणाऱ्याचा कर्सर दर अक्षराला भलतीकडे उडी मारतो.

असा मजकूर आपण चेंजमधून परत लिहिला की चेंज पुन्हा उडतो. ते थांबवण्यासाठी अनेक जण अ‍ॅप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स बंद करतात आणि काही फरक पडला नाही म्हणून चक्रावतात. ती सोय वर्कबुक, शीट अशा एक्सेलच्या स्वतःच्या इव्हेंटांसाठी आहे. युजरफॉर्मवरच्या कंट्रोलांना ती लागू होत नाही. क्लासमध्ये एक बूलियन चल ठेवा, लिहिण्याआधी तो खरा करा, लिहून झाल्यावर खोटा करा, आणि चेंजच्या पहिल्याच ओळीत तो खरा असल्यास बाहेर पडा.

राहिला एक्झिटचा प्रश्न. टॅब दाबला की कीडाउन जुन्या पेटीला मिळतो, पण तोवर फोकस हललेला असल्याने कीअप नव्या पेटीला मिळतो. म्हणून मी मध्ये एक सूत्रधार क्लास ठेवतो. प्रत्येक पेटी आपल्या कीअप आणि माउसअपमध्ये सूत्रधाराला ‘मी येथे आहे’ एवढे कळवते. सूत्रधाराला मागच्या वेळी कळवणारी पेटी वेगळी होती असे आढळले, तर ती पेटी सोडली गेली असे समजून तो तिची तपासणी करवतो. बटणावर क्लिक करून कोणी थेट बाहेर पडले तर ही युक्ती चुकते, म्हणून ‘जतन करा’ या बटणाने सगळ्या पेट्यांची तपासणी पुन्हा एकदा करायचीच. यासाठी अ‍ॅक्टिव्हकंट्रोल (फोकस कोठे आहे ते सांगणारी प्रॉपर्टी) वापरायचे ठरवले तर एवढे लक्षात असू द्या की पेटी फ्रेमच्या आत असल्यास फॉर्मचे अ‍ॅक्टिव्हकंट्रोल ती पेटी न देता फ्रेमच देते. मग फ्रेमला तिचे अ‍ॅक्टिव्हकंट्रोल विचारत एक पायरी खाली उतरावे लागते.

विंडोजच्या एपीआयने (विंडोजची स्वतःची फंक्शने बोलावून) ते चार इव्हेंट थेट जोडून घेण्याचीही एक पद्धत आहे. तीत क्लास मॉड्यूल निर्यात करून त्यातल्या लपलेल्या ओळी बाहेरच्या संपादकात हाताने लिहाव्या लागतात. ती चालते, पण तुमच्यानंतर हा फॉर्म सांभाळणाऱ्या माणसाला ती वाचता येईल का, याचा आधी विचार करा. मी ती वापरत नाही.

अर्धविराम

तारखेबद्दल लिहितो. तुमचा जुना डेट पिकर एमएससीओएमसीटी२ या ओसीएक्समधला असणार. ते ३२-बिट आहे आणि ६४-बिट ऑफिसच्या प्रक्रियेत ३२-बिट ओसीएक्स लोड होऊच शकत नाही, त्यामुळे ते पुन्हा नोंदवून वगैरे काही साध्य होणार नाही. ऑफिस २०१० पासून ६४-बिट आवृत्ती मिळू लागली आणि २०१९ पासून इन्स्टॉल करताना तीच आपोआप निवडली जाते, म्हणजे हा प्रश्न आता प्रत्येकाच्या दारात येणार आहे. स्वतःचे कॅलेंडर करणे हाच टिकाऊ मार्ग आहे आणि ते वाटते तितके कठीण नाही.

तारखेची पेटी साधा टेक्स्टबॉक्सच ठेवा. त्याच्या उजव्या कडेला बाणाचे बटण हवे असेल तर वेगळे कमांडबटण चिकटवायची गरज नाही. टेक्स्टबॉक्सला कॉम्बोबॉक्ससारखेच बटण असते; प्रॉपर्टीच्या खिडकीत ते दिसत नाही, पण कोडमधून शोड्रॉपबटनव्हेन ही प्रॉपर्टी ‘नेहमी’वर आणि ड्रॉपबटनस्टाइल ‘बाण’ किंवा ‘तीन टिंबे’ यांवर ठेवली की ते उमटते, आणि त्यावर क्लिक झाले की ड्रॉपबटनक्लिक हा इव्हेंट येतो. हा इव्हेंट टेक्स्टबॉक्सचा स्वतःचा असल्याने विथइव्हेंट्समध्येही मिळतो. सुटे बटण जोडले की फॉर्मची मांडणी बदलताना ते पेटीपासून दुरावते. हे दुरावत नाही.

कॅलेंडर म्हणजे एक फ्रेम आणि तिच्यात ४२ लेबले. ३५ का पुरत नाहीत हे एकदा बोटांवर मोजून पाहावे: ३१ दिवसांचा महिना आठवड्याच्या शेवटच्या वारी सुरू झाला तर आधीच्या ६ रिकाम्या जागा धरून ३७ घरे लागतात, म्हणजे ६ ओळी आल्याच. लेबले डिझायनरमध्ये एकेक ठेवू नका. क्लासच्या सुरुवातीच्या प्रोसिजरमध्ये फ्रेमच्या कंट्रोल्स.अ‍ॅडने ‘फॉर्म्स.लेबल.१’ हा प्रकार देऊन दोन फेऱ्यांत तयार करा. याचा मोठा फायदा दुसऱ्या फाइलमध्ये नेताना कळतो. डिझायनरमध्ये रेखलेला फॉर्म निर्यात केला की एफआरएम आणि एफआरएक्स अशा दोन फाइली तयार होतात आणि त्यांतली दुसरी हरवली की मांडणीही हरवते. कोडमधून उभे राहणारे कंट्रोल मात्र साध्या मजकुराच्या क्लास फाइलीत पूर्ण मावते.

घरे भरण्याचे गणित दोन ओळींचे आहे. महिन्याची पहिली तारीख डेटसीरियलने काढा, तिचा वार वीकडेने सोमवारपासून मोजा, आणि पहिल्या तारखेतून वार वजा एक इतके दिवस मागे जा. ती पहिल्या घराची तारीख झाली. पुढच्या प्रत्येक घरात एकेक दिवस वाढवत जा आणि चालू महिन्याबाहेरच्या घरांचा रंग फिका करा. महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल तर डेटसीरियलला पुढचा महिना आणि दिवस शून्य द्या. महिना पुढे-मागे करताना मात्र डेटसीरियल न वापरता डेटअ‍ॅड वापरा. ३१ जानेवारी २०२४ वर असताना महिना एकने वाढवून डेटसीरियल केले तर ते ३१ फेब्रुवारीचे सरळ २ मार्च करते, तर डेटअ‍ॅड २९ फेब्रुवारीवर थांबते. लेबलच्या टॅगमध्ये तारखेचा पूर्णांक ठेवला की क्लिक झाल्यावर कॅप्शनवरून महिना-वर्ष ओळखण्याची उठाठेव उरत नाही. (जाता जाता: व्हीबीएतला तारखेचा पूर्णांक आणि शीटवरचा पूर्णांक १ मार्च १९०० पासून पुढेच जुळतात, कारण शीट १९०० हे लीप वर्ष धरते. कोणी त्याआधीच्या तारखा भरत नसेल तर हे विसरून जावे.)

माऊस वरून फिरताना घराचा रंग बदलावा असे सगळ्यांना वाटते, आणि तेथे गाडी अडते, कारण माऊस आत आल्याचे माउसमूव्हवरून कळते पण बाहेर गेल्याचा इव्हेंटच नाही. म्हणून रंग बदलण्याचे काम लेबलांकडे देऊ नका. प्रत्येक लेबलने कॅलेंडरच्या मुख्य क्लासला फक्त ‘माऊस माझ्यावर आहे’ असे सांगावे. मुख्य क्लास सध्या रंगलेले लेबल लक्षात ठेवतो. नवे लेबल वेगळे असेल तरच जुन्याचा रंग उतरवतो आणि नव्याला चढवतो, तेच असेल तर काहीही करत नाही. ‘काहीही करत नाही’ हा भाग गाळला की माऊस हलत असेपर्यंत रंग पुन्हा पुन्हा लिहिला जातो आणि कॅलेंडर थरथरताना दिसते. फ्रेमच्या आणि फॉर्मच्या माउसमूव्हमध्ये रंग पूर्ण उतरवा. लेबलांमध्ये एखाद्या पॉइंटची फट ठेवून फ्रेमचा माउसमूव्ह दर वेळी मिळेल असे गृहीत धरू नका. हात जलद फिरला तर माऊस ती फट न दिसताच ओलांडतो.

पुढच्या महिन्याचा बाण लेबलचा केला असेल तर तो डबलक्लिकलाही जोडा. कोणी भराभर क्लिक करत गेले की दुसरी क्लिक डबलक्लिक म्हणून येते, आणि पाच वेळा दाबूनही महिने तीनच पुढे सरकतात. वापरणाऱ्याला ते कंट्रोल ‘जड’ वाटते आणि आपल्याला कारण सापडत नाही.

लेबलाला फोकस घेता येत नाही, त्यामुळे कळफलकाचे काम टेक्स्टबॉक्सनेच करायचे. त्याच्या कीडाउनमध्ये कॅलेंडर उघडे असेल तर डावा-उजवा बाण एकेक दिवस, वर-खाली बाण सात-सात दिवस आणि पेजअप-पेजडाउन एकेक महिना असे हलवा, आणि काम झाल्यावर कीकोड शून्य करा म्हणजे तोच बाण टेक्स्टबॉक्सचा कर्सर हलवणार नाही किंवा फोकस पुढच्या पेटीत नेणार नाही. माऊसने निवड झाली तरी शेवटी फोकस पेटीत परत आणून ठेवा.

फ्रेम फॉर्मच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही, हे आधीच लक्षात घ्या. तुमची तारखेची पेटी वर आहे म्हणून अडचण येणार नाही, फ्रेमचा झेडऑर्डर सर्वांत पुढे ठेवला की झाले. पण तीच पेटी तळाशी असती तर कॅलेंडर कापले गेले असते आणि ते वरच्या बाजूला उघडावे लागले असते. पेटी स्वतः दुसऱ्या फ्रेममध्ये असेल तर तिचे लेफ्ट आणि टॉप त्या फ्रेमच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात, त्यामुळे जागा काढताना बाहेरच्या फ्रेमचे आकडे त्यांत मिळवावे लागतात.

एवढे झाल्यावर क्लासमध्ये ‘पब्लिक इव्हेंट तारीखबदलली’ असा स्वतःचा इव्हेंट जाहीर करा आणि निवड झाली की रेझइव्हेंटने तो उडवा. फॉर्मसाठी कॅलेंडर मग इतर कंट्रोलांसारखेच एक कंट्रोल होते. टाइप केलेली तारीख वाचताना सीडेटच्या भरवशावर राहू नका. ‘०३/०४/२०२४’ हे ३ एप्रिल की ४ मार्च, हे ते संगणकाच्या सेटिंगवरून ठरवते. आणि महिना आधी लिहिण्याच्या सेटिंगवर ‘१३/०४/२०२४’ आले तर चूक न दाखवता दिवस-महिना गुपचूप अदलाबदल करून १३ एप्रिल करते. म्हणजे एकाच स्तंभातल्या काही तारखा उलटतात आणि काही नाहीत. तुकडे स्वतः पाडा आणि डेटसीरियलला द्या.

सरळरेघ

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरीही एक शंका मांडतो. १२ ओळी आणि ३ स्तंभ यांचा ३६ पेट्यांचा फॉर्म म्हणजे शीटच्या वर उभारलेली दुसरी शीट आहे. संख्या आणि तिची मर्यादा तपासण्याची सोय डेटा व्हॅलिडेशनमध्ये आहे, बाणांनी घरे बदलणे आहे, फिल आहे, अनडू आहे. ३६ रीडिंगे एका नोंदीच्या शीटवर भरावीत आणि फॉर्ममध्ये फक्त तारीख आणि ‘जतन करा’ ठेवावे, असे का करू नये? शीटवर कंट्रोल ठेवायची वेळ आलीच तर अ‍ॅक्टिव्हएक्स टाळून साधी फॉर्म कंट्रोले वापरा. डिसेंबर २०१४ मधल्या एका सुरक्षा-अपडेटनंतर शीटवरची अ‍ॅक्टिव्हएक्स बटणे ठिकठिकाणी निकामी झाली होती आणि ईएक्सडी (कंट्रोलांची माहिती साठवणाऱ्या तात्पुरत्या) फाइली पुसत बसावे लागले होते; ऑफिस २०२४ मध्ये तर अ‍ॅक्टिव्हएक्स मुळातच बंद स्थितीत येते.

जुना कळफलक

सरळरेघ, शंका रास्त आहे आणि १२ च्या जागी ६० नमुने असते तर मीही तेच सुचवले असते. पण डेटा व्हॅलिडेशन टाइप केलेल्या नोंदीला अडवते, पेस्ट केलेल्या नोंदीला अडवत नाही. उलट दुसऱ्या घरातून कॉपी करून पेस्ट केले तर त्या घराचे व्हॅलिडेशनच बदलून जाते. नोंद करणारे अनेक असतील तर मला फॉर्म अधिक भरवशाचा वाटतो. शीटवरच्या अ‍ॅक्टिव्हएक्सबद्दल मात्र पूर्ण सहमत.

कोष्टक

सर्वांचे आभार. शनिवार-रविवार बसून दोन्ही कंट्रोले उभी केली. संख्यापेटीचा क्लास साधारण ९० ओळींचा झाला आणि फॉर्ममधल्या सातशेहून अधिक ओळी उडाल्या. सरळरेघ यांचा मुद्दा पटला होता, पण नोंदी पेस्ट होतात हे मला माहीत असल्याने फॉर्मच ठेवला. टेक्स्टबॉक्सच्या आतल्या बटणाची माहिती नवीन होती. त्यासाठी केलेले सुटे बटण काढून टाकले.

एक गोष्ट मात्र कळत नाही. प्रत्येक पेटीला फॉर्मवरची सरासरी दाखवणारी लेबले ताजी करायची असतात, म्हणून मी प्रत्येक संख्यापेटीला तयार करतानाच फॉर्म, म्हणजे ‘मी’, देऊन ठेवला आणि किंमत बदलली की ती फॉर्मची एक पब्लिक प्रोसिजर बोलावते. काम बिनचूक होते. पण फॉर्मच्या टर्मिनेटमध्ये (फॉर्म स्मृतीतून जाताना येणाऱ्या इव्हेंटमध्ये) मी सवयीने एक डीबग.प्रिंट लिहून ठेवतो आणि ती ओळ इमिजिएट विंडोत आता उमटतच नाही. अनलोड केले, सेट नथिंग केले, तरीही नाही. पेट्यांचे कलेक्शन रिकामे करण्याची ओळही त्याच टर्मिनेटमध्ये आहे.

जुना कळफलक

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. व्हीबीएमध्ये ऑब्जेक्ट किती जणांनी धरून ठेवला आहे याची मोजणी होते आणि ती शून्यावर आली की टर्मिनेट येतो. तुमचा फॉर्म कलेक्शनमार्फत ३६ पेट्या धरून आहे आणि त्या ३६ पेट्या फॉर्मला धरून आहेत. बाहेरच्या चलाने फॉर्म सोडला तरी मोजणी ३६ वर अडते. पेट्या सोडण्याची ओळ टर्मिनेटमध्ये आहे, आणि पेट्या सुटेपर्यंत टर्मिनेट येणार नाही. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखे झाले आहे.

सोपा उपाय म्हणजे ती ओळ क्वेरीक्लोजमध्ये (फॉर्म बंद होण्याआधी येणाऱ्या इव्हेंटमध्ये) नेणे: तेथे प्रत्येक पेटीतला फॉर्मचा धागा नथिंग करा आणि मग कलेक्शन सोडा. पण तुम्ही फॉर्म हाइड करून किमती वाचणार असाल तर हे अडचणीचे ठरते, कारण हाइडच्या वेळी क्वेरीक्लोज येत नाही, आणि खिडकीच्या फुलीवर तो येतो तेव्हा आपण बहुधा कॅन्सल करून हाइडच करतो.

म्हणून मी पेट्यांना फॉर्म देतच नाही. पेट्या सूत्रधाराला ओळखतात, सूत्रधार पेट्यांना ओळखतो, आणि फॉर्म सूत्रधाराला विथइव्हेंट्सने धरतो. पेटीने सूत्रधाराला कळवले की तो ‘किंमतबदलली’ हा इव्हेंट उडवतो आणि फॉर्म सरासरी ताजी करतो. इव्हेंट ऐकणारा फॉर्म सूत्रधाराने मोजणीत धरलेला नसतो, त्यामुळे बाहेरच्या चलाने सोडताच फॉर्मचा टर्मिनेट येतो. सूत्रधार आणि पेट्या यांची एकमेकांतली गाठ तेव्हाही असतेच. ती टर्मिनेटमधून सूत्रधाराची एक ‘मोकळेकरा’ प्रोसिजर बोलावून सोडवायची. फरक एवढाच की आता त्या ओळीपर्यंत कोड पोहोचतो.

३६ पेट्यांना फॉर्मने थेट विथइव्हेंट्सने का धरू नये, असे कोणी विचारेल. विथइव्हेंट्स अ‍ॅरेवर चालत नाही आणि कलेक्शनमधल्या ऑब्जेक्टांचे इव्हेंटही ऐकू येत नाहीत. ३६ वेगळे चल लिहिले तर आपण निघालो तेथेच परत पोहोचलो. सूत्रधाराची खरी गरज तेवढ्यासाठीच आहे.

अर्धविराम

हीच तपासणी कॅलेंडरच्या क्लासलाही लावून पाहा. ४२ लेबले मुख्य क्लासला धरून आहेत आणि तो त्यांना, त्यामुळे तेथेही ‘मोकळेकरा’ हवेच. सगळ्या क्लासांच्या टर्मिनेटमध्ये तात्पुरते डीबग.प्रिंट घालून फॉर्म एकदा उघडून बंद केला की इमिजिएट विंडोत किती ओळी यायला हव्यात ते मोजता येते.

कोष्टक

मोजल्या. सूत्रधाराची १, पेट्यांच्या ३६, कॅलेंडरची १, लेबलांच्या ४२ आणि फॉर्मची १, अशा ८१ ओळी यायला हव्या होत्या. पहिल्या वेळी ३८ च आल्या, कारण कॅलेंडरचे ‘मोकळेकरा’ लिहिले होते पण बोलावायचे राहून गेले होते. आता ८१ येतात.